शेताशेजारी 'बॅटरी फॅक्टरी' येणार म्हणतात, नक्की काय येतंय ते ओळखायचं कसं?

शिवारकर
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यात, संकेश्वर-निपाणी पट्ट्यात, हायवेपासून थोडं आत आमचं गाव. उन्हाळ्यापासून एक एजंट फिरूलालाय. आधी म्हणाला गोडाऊन, मग सोलर, आता म्हणतोय बॅटरीची फॅक्टरी. रस्त्याकडेच्या दोन भावक्यांनी इसार घेतलाय. आमचा ऊस आणि सोयाबीन त्याच पट्ट्यात, विहीर सामाईक.

गावात दोन तट पडलेत. पोरं म्हणतात येऊ दे, पुण्यात एका खोलीत चौघं राहण्यापेक्षा घरून डबा घेऊन जाऊ. जुनी माणसं म्हणतात पाणी नासणार. मला दोन्ही पटतंय, हीच अडचण. अशा कारखान्यानं आजूबाजूच्या गावांचं काय होतं? ऐकीव नको, माहीत असेल तेवढंच लिहा.

पिंट्या_टिळकवाडी
येईल तेव्हा बघू ओ. धारवाडला पण येणार होती.

उद्यमबागवाला
पिंट्याची थट्टा सोडा, पण धारवाडचं खरं आहे. केंद्रानं मे २०२१ मध्ये बॅटरीचे सेल बनवण्यासाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली, देशात ५० गिगावॅट-अवर क्षमता उभी करायची म्हणून. त्यातले ५ गिगावॅट-अवर राजेश एक्सपोर्ट्सला मिळाले आणि जागा ठरली धारवाड. करार २०२२ चा. ठरलेल्या मुदतीत तिथून एक सेल बाहेर पडला नाही. तोवर आजूबाजूच्या जमिनीचे भाव मात्र वर जाऊन बसले. कारखाना यायच्या आधी दर येतो, आणि कारखाना आला नाही तरी दर खाली येत नाही. ज्यानं दोन एकर विकून दुसरीकडे चार घ्यायचा बेत केला होता त्याला मग एकच मिळतो.

रसायनकाका
शिवारकर, कंपनीचं नाव नंतर. माल कोणता ते आधी विचारा. मी नोकरीभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सोसून घ्या.

'बॅटरी' या पाटीमागे चार वेगळे धंदे असतात. लिथियमचे सेल मुळापासून बनवणं. बाहेरून आलेले सेल जोडून पॅक बांधणं. इन्व्हर्टर-ट्रॅक्टरची शिशाची बॅटरी बनवणं. आणि जुन्या शिशाच्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं. चौघांचा गावावर होणारा परिणाम एकमेकांशी जुळत नाही.

पॅक बांधणी बऱ्यापैकी कोरडं काम. सांडपाणी जवळजवळ नाही. धोका आगीचा, कारण सेलचा मोठा साठा एका छपराखाली असतो.

सेलचा कारखाना म्हणजे मोठं प्रकरण. धन टोकाचा लेप एनएमपी नावाच्या द्रावकात कालवतात, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पसरतात, भट्टीत वाळवतात. वाफ झालेलं द्रावक गोळा करून पुन्हा वापरतात; महाग असतं म्हणून कंपनीही ते सोडायला राजी नसते. पण एनएमपी गर्भाला घातक आहे, म्हणून तिथल्या हवेची मोजणी नीट लागते. आत भरायच्या द्रवात लिथियमचं जे क्षार असतं त्याला ओल लागली की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो वायू वाईटच. म्हणून भरणीची खोली वाळवंटापेक्षा कोरडी ठेवतात, दवबिंदू उणे ४० अंशांच्या आसपास. आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल सुटते. तिथे हवा कोरडी करणारी यंत्रं रात्रंदिवस चालणार, म्हणजे वीज प्रचंड. पाणी बरंचसं थंडाव्याला जातं.

आता शिसं. शिशाच्या बॅटरीच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास शिसंच असतं, वर गंधकाम्ल. शिसं कुजत नाही, उडून जात नाही, मातीत पडलं की तिथंच. लहान पोरांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि 'एवढं चालतं' अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगता आलेली नाही. म्हणून तुमच्याकडे तिसरा किंवा चौथा प्रकार येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सामाईक विहिरीशेजारी नको.

निपाणीची_लेक
काका, शिसं घरात कपड्यावरून येतं ना? आमच्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. तंबाखूची धूळ पदरात, केसात, तान्ह्या पोराच्या दुपट्यात. रोजगार आणि रोग एकाच सुपात. कारखान्यात काम करणाऱ्याच्या घरी हेच होणार काय?

रसायनकाका
ताई, अगदी बरोबर. कामाचे कपडे, चपला, केस यांतून शिसं घरी पोचतं. नीट कारखान्यात कपडे तिथंच बदलतात, तिथंच धुतात, अंघोळ करूनच बाहेर सोडतात, ठरावीक काळानं कामगाराच्या रक्तातलं शिसं तपासतात. कोणी म्हणालं 'आमचा प्लांट अत्याधुनिक आहे', तर एवढंच विचारा: अंघोळीची सोय किती माणसांची, आणि कपडे कोण धुणार?

कट्टा_वाचक
उदाहरण द्या की कुणीतरी. नाहीतर भीती घातल्यासारखं होतंय.

कोर्टकचेरी
दोन देतो. अमरराजाचे चित्तूर जिल्ह्यातले शिशाच्या बॅटरीचे दोन कारखाने बंद करायचा आदेश आंध्रच्या प्रदूषण मंडळानं २०२१ च्या एप्रिलअखेर काढला. मंडळाचं म्हणणं होतं की परिसरात आणि कामगारांच्या रक्तात शिसं जास्त आहे. कंपनी उच्च न्यायालयात गेली, आदेशाला स्थगिती मिळाली, त्यात राजकारण असल्याचाही आरोप झाला. कोण खरं यात मी पडत नाही. तिथं हजारो कुटुंबांची चूल त्या कारखान्यावर. बंद करा म्हणणं मंडळालाही सोपं नव्हतं आणि गावालाही. कारखाना एकदा मोठा झाला की गावाच्या हातातून गोष्ट जाते, ती अशी.

दुसरं अमेरिकेतलं, लॉस एंजेलिसजवळचं व्हर्नन. जुन्या बॅटऱ्या वितळवणारा एक्साइड टेक्नॉलॉजीजचा कारखाना २०१५ मध्ये कायमचा बंद झाला. (आपल्या कोलकात्याच्या एक्साइडशी तिचा संबंध नाही.) भोवतालच्या हजारो घरांच्या अंगणातली माती उकरून न्यायची वेळ आली. २०२० मध्ये दिवाळखोरी न्यायालयानं कंपनीला ती जागा तशीच टाकून जायची मुभा दिली आणि खर्च पडला सरकारच्या, म्हणजे करदात्याच्या, अंगावर.

सेकंड_शिफ्ट_चाकण
मी खानापूर तालुक्यातला, सध्या चाकणला पॅक लाईनवर. काका म्हणतात ते बरोबर, आमच्याकडे वास नाही, धूर नाही. पण गावातल्या पोरांना वाटतंय तेवढ्या नोकऱ्या पण नाहीत. सेल येतात, मशीन तपासतं, रोबो उचलतो, वेल्डिंग लेझरनं. माणूस लागतो तो हार्नेस (तारांचा जुडगा) जोडायला, टेस्टिंगला, पॅकिंगला. आमच्या लाईनवर बहुतेक पोरं ठेकेदाराची. कायम झालेली मोजकी. आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा डिप्लोमा असेल तर बरं, बारावीवाल्याला लोडिंग. ऑर्डर पडली की ठेकेदार फोन करतो, 'उद्यापासून येऊ नको'.

आगीचं सांगतो, कारण ट्रेनिंगमध्ये सेफ्टीवाला हेच दाखवतो. कोरियातल्या ह्वासोंगमध्ये २४ जून २०२४ ला लिथियम बॅटरीच्या कारखान्याला आग लागली, २३ माणसं गेली. बरीचशी परदेशातून आलेली, ठेकेदारामार्फत लावलेली. बाहेर पडायची वाट बऱ्याच जणांना ठाऊक नव्हती. लिथियमची आग पाण्याच्या एका बंबानं विझत नाही, विझली वाटली तरी परत पेटते. तुमच्या तालुक्यात अग्निशमन कुठं आहे, किती मिनिटांत पोचतं, हे आधी बघा.

मराठा_मावळा_९१
नोकऱ्या कुणाला मिळणार ते पण बोला! जमीन आमची आणि नोकरी कन्नड येणाऱ्याला. २०२४ चं बिल विसरलात काय?

कोर्टकचेरी
विसरलो नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानं खासगी उद्योगात स्थानिकांना व्यवस्थापनात ५० टक्के आणि बाकी कामात ७० टक्के जागा द्यायचं विधेयक मंजूर केलं. उद्योगवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर दोन दिवसांत बाजूला ठेवलं. त्यात 'स्थानिक' म्हणजे राज्यात जन्म, पंधरा वर्षं वास्तव्य, आणि कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणं. दहावीला कन्नड भाषा नसेल तर परीक्षा द्यायची.

पण घाबरवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. बेळगावात मराठी माध्यमातून दहावी झालेल्या पोरानं कन्नड ही एक भाषा म्हणून घेतलेलीच असते. अडकणार तो सासर-माहेरच्या निमित्तानं चंदगड-गडहिंग्लजला, म्हणजे महाराष्ट्रात, शाळा शिकून परत आलेला पोरगा. आपल्याकडे अशी घरोघरी आहेत.

मराठा_मावळा_९१
म्हणजे परत आपणच सिद्ध करायचं आपण इथले. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे त्याचं काय

व्यवस्थापक
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथं हवं तेवढं लिहा. इथं बॅटरी. पुढच्या अवांतर प्रतिक्रिया उडवल्या जातील.

चंदगडकर
अवांतर नाही, पण सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून लिहितोय. शिनोळीच्या एमआयडीसीत रोज सकाळी बेळगावकडून गाड्या भरून माणसं येतात, आमची पोरं बेळगावात कामाला जातात. रोजगार सीमेवर अडत नाही, कागद अडतात. हिरण्यकेशी आजरा-गडहिंग्लजवरून तुमच्या संकेश्वरला येते. मार्कंडेय राकसकोपला अडवून बेळगाव शहर पितं. पाण्यात काही मिसळलं तर वरच्या बाजूला तक्रार महाराष्ट्राच्या प्रदूषण मंडळाकडे, खालच्या बाजूला कर्नाटकाच्या. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी केंद्रीय मंडळ किंवा हरित लवाद हाच रस्ता, आणि तिथं जायला आधीचे पाण्याचे अहवाल हातात लागतात.

पिंट्या_टिळकवाडी
पाण्यावरून आठवलं. हिडकल धरणाचं पाणी धारवाडच्या इंडस्ट्रियल एरियाला न्यायचं म्हणून २०२५ मध्ये बेळगावात मोर्चे निघाले होते. कारखाना त्यांना, पाणी आमचं. कारखाना आमच्याकडे आला नाही तरी आमच्यावर परिणाम होतो, असं लिहा कुणीतरी.

उद्यमबागवाला
पिंट्या, आज पहिल्यांदा मुद्द्याचं बोललास.

आणखी एक परिणाम, जो शिवारकरांच्या गावात दिसणार नाही पण बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे औद्योगिक वसाहतींत दिसेल. आमची फौंड्री. बेळगाव-कोल्हापूर पट्टा ओतकामावर जगतो: सिलिंडर हेड, ब्लॉक, मॅनिफोल्ड, फ्लायव्हील. बॅटरीच्या गाडीला यातलं काहीच लागत नाही. बॅटरीची पेटी ॲल्युमिनियमची, आमच्या भट्ट्या बिडाच्या. ट्रॅक्टर, पंप, हायड्रॉलिक्सचं काम आहे तोवर चूल पेटती राहील, आणि ट्रॅक्टर काही लगेच बॅटरीवर जात नाही. पण प्रवासी गाड्यांच्या ऑर्डरीवर ज्यांनी कर्ज काढून मोल्डिंग लाईन टाकली ते रात्री झोपत नाहीत. शंभर मोल्डर-फेटलर घरी बसले आणि तिकडे पॅक लाईनवर चाळीस पोरं लागली, तर जिल्ह्याचा हिशोब काय झाला? मंत्र्यांच्या भाषणात चाळीसच येतात. बरं, पन्नाशीचा मोल्डर पॅक लाईनवर कुणी घेत नाही.

बेळगाव_ते_गोथेनबर्ग
इकडचं सांगतो. स्वीडनच्या उत्तरेला शेलेफ्टिओ म्हणून गाव. नॉर्थव्होल्टनं तिथं युरोपातला मोठा सेल कारखाना काढला, पहिला सेल २०२१ च्या डिसेंबरात. नगरपालिकेनं घरं, शाळा, रस्ते वाढवले, जगभरातून माणसं आली. १२ मार्च २०२५ ला कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. हजारोंची नोकरी गेली. परदेशातून आलेल्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यांना गाव सोडावं लागलं. नगरपालिकेनं वाढवलेलं सगळं तिथंच उभं राहिलं.

हंगेरीत डेब्रेत्सेनला चीनच्या सीएटीएलनं २०२२ मध्ये ७.३ अब्ज युरोंचा कारखाना जाहीर केला, ९,००० नोकऱ्या सांगितल्या. लोक रस्त्यावर उतरले ते पाण्यासाठी, आणि एवढी माणसं गावात आहेतच कुठं, बाहेरूनच आणणार ना, म्हणून. आपल्याकडे माणसं आहेत, हा मोठा फरक. तरी पाण्याचा प्रश्न हुबेहूब हिडकलसारखाच.

शिवारकर
सगळ्यांचे आभार. वाचून डोकं गरगरलं, पण एक कळलं की आधी प्रकार शोधायचा. तो शोधायचा कसा? एजंट नुसता 'लिथियम, लिथियम' म्हणतो.

कोर्टकचेरी
पैशाच्या आकड्यावरून. कर्नाटकात १५ कोटींपर्यंतचा प्रकल्प जिल्हाधिकाऱ्यांच्या एक खिडकी समितीत मंजूर होतो. १५ ते ५०० कोटी राज्यस्तरीय समितीत. त्यावरचे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीत. आता ताडून बघा: टाटांच्या साणंदच्या सेल कारखान्याचा करार १३,००० कोटींचा, २० गिगावॅट-अवरसाठी. बेंगळुरूजवळ देवनहळ्ळीला एक्साइडचा १२ गिगावॅट-अवरचा, जाहीर आकडा ६,००० कोटी. म्हणजे एका गिगावॅट-अवरला पाचशे-साडेसहाशे कोटी. तुमच्याकडचा प्रकल्प जिल्हा समितीतून गेला असेल तर तो सेलचा कारखाना असूच शकत नाही. एक तर पॅक, नाहीतर शिसं.

दुसरं, जमीन कोण घेतंय. केआयएडीबी (कर्नाटकाचं औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ) घेत असेल तर १९६६ च्या कायद्याखाली आधी २८(१) ची नोटीस येते, हरकतीला मुदत असते, मग २८(४) ची अंतिम अधिसूचना. रोख नको असेल तर एकरी १०,७८१ चौरस फूट विकसित प्लॉट घ्यायचा पर्यायही असतो. हलगा-मच्छे बायपासात जमीन गेलेल्यांना विचारा हरकत वेळेत नोंदवणं म्हणजे काय ते. तुमच्याकडे मात्र खासगी एजंट आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, त्यामुळे विक्री अडत नाही. पण कारखान्यासाठी सहसा एनए (बिगरशेती) करावी लागते. एनएच्या अर्जात हेतू लिहिलेला असतो. तो कागद काढा. प्रदूषण मंडळाची उभारणीची संमती आणि चालवायची संमती वेगवेगळ्या असतात, उभारणीच्या अर्जात कच्चा माल लिहावा लागतो. माहिती अधिकारात मागा, दहा रुपये.

शिवारकर
(आठवड्यानं) बेळगावला जाऊन आलो. जिल्हा उद्योग केंद्रातल्या साहेबांनी चांगलं सहकार्य केलं, उगाच नाव ठेवणार नाही. प्रकल्प जिल्हा समितीपुढचा. गुंतवणूक १५ कोटींच्या आत. हेतू 'बॅटरी रिसायक्लिंग'. लिथियम हा शब्द कुठंच नाही.

एजंटाला फोन केला तर म्हणतो, "रिसायक्लिंग म्हणजे पर्यावरणाला चांगलंच की."

रसायनकाका
तत्त्वतः तो खोटं बोलत नाही. शिसं पुन्हा वापरणं गरजेचंच आहे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावी असं बंधन घातलंय आणि उत्पादकाला जबाबदार धरलंय. नोंदणीकृत केंद्र नसेल तर तोच माल भंगारवाल्याकडे जातो, तो कुठल्यातरी ओढ्याकाठी कढईत वितळवतो, आम्ल गटारात ओततो. ते याहून वाईट. माझा आक्षेप जागेला आहे. ऊस, सामाईक विहीर आणि शाळा यांच्यामध्ये हा धंदा नको. औद्योगिक वसाहतीत, वस्तीपासून लांब, सांडपाण्याची सोय असलेल्या जागी जावा.

आणि काहीही ठरो, आत्ताच विहिरीचं पाणी आणि शेतातली माती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं, सामू, सल्फेट. उद्या प्रश्न उठला तर 'आधीच होतं' म्हणायला कुणाला जागा राहू नये. नमुना घेताना पंचायतीच्या सदस्याला उभं करा, सही घ्या.

पाटलांचा_बंटी
मी शिवारकरांच्याच गावचा. सगळे शहाणे बोलले, आमचं कुणी विचारलं नाही. डिप्लोमा करून तीन वर्षं बसलोय. हत्तरगीला अर्ज केला, कणगल्याला केला. हे नको, ते नको म्हटलं तर आम्ही जायचं कुठं? काकांच्या पेन्शनला काही होत नाही.

उद्यमबागवाला
बंटी, तुझं बरोबर आहे, राग येणं साहजिक. पण १५ कोटींच्या शिसं भट्टीत डिप्लोमावाल्याला किती जागा असतील? दोन-तीन, तेही शिफ्ट इन्चार्ज. बाकी बॅटऱ्या फोडायला बाहेरून आणलेले कामगार, ठेकेदाराच्या शेडात राहणारे. तुझी लढाई या कारखान्यासाठी नाही. हत्तरगीच्या विमानाच्या सुट्या भागांच्या कामाला सीएनसी आणि मोजमापवाले लागतात, ते शिकलास तर नाव निघेल. व्यक्तिगत संदेश कर, आमच्याकडे क्वालिटीत माणूस हवाय. पगार पुण्याचा नाही मिळणार, आधीच सांगतो.

पाटलांचा_बंटी
केला मेसेज. पण ज्यांनी इसार घेतला त्यात आमचे चुलते पण आहेत. त्यांनी त्या पैशावर घर बांधायला काढलंय. आता परत कुठून देणार?

कोर्टकचेरी
ते इसारपावतीत काय लिहिलंय त्यावर आहे. हेतू लिहिलाय काय, मुदत किती, एनए मिळाली नाही तर काय, हे बघायला लागेल. हेतू एक सांगून दुसराच निघाला असेल तर बोलायला जागा आहे. फोटो टाका, नावं आणि सर्व्हे नंबर झाकून.

शिवारकर
संध्याकाळी टाकतो. पावती कन्नडमध्ये आहे, दोन पानं, आणि मागच्या पानावर पेनानं काहीतरी वाढवलंय ते एजंटाच्या अक्षरातलं दिसतंय.

कोर्टकचेरी
मागचं पान आधी टाका. त्याखाली तुमच्या माणसाची सही आहे काय तेवढं बघून सांगा.